थर्माकोलचा सिंधुदुर्ग

प्रिय बाबल,

हे नाव मुद्दाम लिहितोय. का, ते पुढे येईल.

तुझे बाबा गेले तेव्हा मी फोन केला, दोन मिनिटं बोललो आणि ठेवून दिला. त्याला चौदा महिने झाले. मध्ये कितीदा लिहायला बसलो, पण काय लिहायचं तेच सुचेना. आज लिहितोय, कारण शनिवारी रात्री गॅरेजमध्ये जे घडलं ते हिला सांगून समजलं नाही, आणि मुलांना समजायचा प्रश्नच नाही. बाकी आम्ही बरे. माझी साखर आटोक्यात, हिचा गुडघा तसाच.

धाकट्याला मासेमारीचं वेड लागलंय हे तुला ठाऊक आहे. इथे टेक्सासात शाळांचे मासेमारीचे संघ असतात. होडीत दोन मुलं आणि ती चालवायला एक मोठा माणूस, तो मी. बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा गळाने धरायचा, जास्तीत जास्त पाच मासे, दुपारपर्यंत जिवंत ठेवायचा, वजन करायचं आणि परत तलावात सोडायचा. मेलेल्या माशामागे वजन कापतात. धरलेला मासा सोडून देतात म्हटल्यावर तुझी आजी काय म्हणाली असती ते मला इथपर्यंत ऐकू येतं!

जूनमध्ये आम्ही लुईसविलच्या तलावावर गेलो. मासे जिवंत ठेवायची टाकी नव्हती, म्हणून बर्फाचा खोका आणि त्यात बुडबुडे सोडणारा छोटा पंप. पाणी हाताला कोमट. तीस अंशांच्या पाण्यात मुळात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो, तो पाच मासे किती वेळ पुरवणार? अकराच्या सुमाराला सगळ्यांत मोठा मासा कुशीवर झाला. पोराने त्याला दोन्ही हातांत धरून तलावाच्या पाण्यात फिरवला, पाणी कल्ल्यांतून जावं म्हणून. कल्ले थोडा वेळ हलले, मग राहिले. घरी येईपर्यंत पोरगा गाडीत एक शब्द बोलला नाही. टाकी करायचं मी त्या रात्रीच ठरवलं.

होडी सोळा फुटी, ॲल्युमिनियमची, चपट्या तळाची. तयार टाक्या तिच्या दोन बाकांमध्ये बसत नाहीत. मोजून काढली, आतून २८ इंच लांब, १६ रुंद, १२ खोल. म्हणजे ८८ लिटर. म्हणजे भरली की ८८ किलो, लग्नाआधीचे दोन बाबल नाहीतर आत्ताचा एक. एवढं वजन मागे इंजिनापाशी नको, म्हणून मधोमध. इथे घरांच्या भिंतींना उष्णता अडवायला गुलाबी फोम लावतात, त्याची पेटी करायची आणि आतून-बाहेरून फायबर मारायचं, म्हणजे काचतंतूंचं कापड रेझिनने चिकटवायचं. फोम हलका, फारसं पाणी पीत नाही, उन्हात पाणी लवकर तापू देत नाही. शेजाऱ्याकडे गाडीच्या कामातून उरलेला पॉलिस्टर रेझिनचा डबा होता, तो त्याने आपणहून दिला.

शनिवारी जेवणं झाल्यावर रेझिन घट्ट करणारा हार्डनर घातला आणि पेटीच्या तळाला पहिला हात मारला. जरा वेळाने पाहतो तर तळ खाली बसतोय. आधी देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे, मग ते एकमेकांत मिसळले, कडा आत वळल्या आणि एक भिंत वाकून दुसरीवर आली. आणि वास. तुमच्या होड्यांच्या शेडचा वास, पण त्यात आणखी काहीतरी गोडसर, जळकं. बाबल, तो वास मी आयुष्यात त्याआधी एकदाच घेतला होता. मी ब्रश खाली ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसलो.

१९९१ चा गणपती. आमच्या पडवीतला सिंधुदुर्ग. आठ दिवस खपून केलेला, ब्लेडने कातरलेले बुरुज, वळणाआड लपवलेला दिल्ली दरवाजा. तो तू लपवलास, मला समोरून दिसायला हवा होता, आणि त्यावरून आपलं वाजलं. (अजूनही माझं म्हणणं आहे की मखरात दरवाजा दिसायला हवा. पण खरा किल्ला तसाच आहे, हे तुझं बरोबर.) महाराजांनी पायात शिसं ओतलं, आपणही काहीतरी ओतूया, ही कल्पना माझी. रेझिन तू आणलंस, बाबांच्या शेडमधून, श्रीखंडाच्या डब्यात. तटाला हात मी मारला आणि आई हाक मारत होती म्हणून जेवायला गेलो. तू तिथेच बसलास. परत आलो तर तट गेलेला, बुरुज आडवे, आणि तुझ्या हाताला पेट्रोलचा वास, कारण तू ब्रश धूत होतास.

मी वाडीभर ओरडलो. दरवाजाच्या रागाने ह्याने पेट्रोल ओतलं म्हणून. तू म्हणालास, "मियां पेट्रोल घालूक नाय." एकदाच म्हणालास. बाबांनी तुला आमच्या अंगणात मारलं, छत्रीच्या दांड्याने, आणि मी बघत होतो. दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही. नंतर बोलायला लागलो, पण "पेट्रोल" हे नाव मी तुला दिलं ते चिकटलंच. शाळेत पेट्रोल, रापणीवर पेट्रोल, तुझ्या लग्नात माईकवरूनसुद्धा मी पेट्रोल म्हणालो आणि मांडव हसला. तूही हसलास. आता तुझी मुलगी तुला चेष्टेने तेच म्हणते.

पॉलिस्टर रेझिन पातळ राहावं म्हणून त्यात स्टायरिन असतं. थर्माकोल त्याच स्टायरिनपासून बनतो. त्यामुळे ते लागलं की थर्माकोल विरघळतो, हा गुलाबी फोमही. पेट्रोलची गरजच नाही. किल्ला मी मारलेल्या पहिल्या हातानेच गेला होता, आणि तो जाताना तू एकटा बघत होतास.

हे तुला कळलं कधी? मी शनिवारपासून हेच घोकतोय. तू सत्त्याण्णव सालापासून या धंद्यात, पहिल्याच वर्षी कळलं असणार. २०१२ साली मी सर्जेकोटला आलो होतो तेव्हा तू होडीच्या पोकळीत थर्माकोल भरत होतास, प्रत्येक तुकडा आधी प्लास्टिकच्या कागदात नीट गुंडाळून. मी विचारलं, "ह्या कित्याक?" तू म्हणालास, "पाणी लागता म्हणान." मला तेव्हा ते पटलं. आता कळतंय की रेझिन लागू नये म्हणून होतं ते. माझ्यासमोर गुंडाळत होतास आणि सांगितलं नाहीस. का रे? मला ओशाळं वाटू नये म्हणून? की सांगून काही उपयोग नाही, हा कुठे ऐकतो, म्हणून? दुसरं असेल तर तसं लिही, मला चालेल.

आणि बाबांना? ते तेव्हा लाकडी होड्यांनाच फायबर मारायचे, थर्माकोलशी त्यांची गाठ पडली नसेल. पण पुढे तुझ्याच शेडमध्ये दहा-पंधरा वर्षं ते खुर्ची टाकून बसायचे, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं असणारच. तुला काही बोलले का? मला ते दर वेळी "ये रे" म्हणून जवळ बसवायचे, चहा द्यायचे. मी त्यांना सांगू शकलो असतो. फोनवर दोन मिनिटं होती तेव्हाही नाही, कारण तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

असो. टाकी मात्र झालीय. इपॉक्सी नावाचं दुसरं रेझिन आणलं, त्यात स्टायरिन नसतं, फोमला काही होत नाही. पण वेगळंच प्रकरण आहे. बाबा हवा बघून हार्डनरचे थेंब कमीजास्त करायचे, ते इथे चालत नाही, प्रमाण ठरलेलं म्हणजे ठरलेलं. पेल्यात जास्त वेळ राहिलं की आपोआप तापतं, पहिला पेला धुरावला तो अंगणात फेकला. आता कालवलं की लगेच पसरट ताटात ओततो. तुमची सुट्या काचतंतूंची मॅटही चालत नाही. तिचे धागे धरून ठेवणारी खळ स्टायरिनमध्येच विरघळते, म्हणून विणलेलं कापड घेतलं. आतले कोपरे इपॉक्सीत लाकडाची भुकटी कालवून चमच्याच्या पाठीने गोल केले, नाहीतर मासा तोंड आपटून घेतो. दमट हवेत वर मेणचट साय येते, ती पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. पंप तासाला ५०० गॅलनचा, म्हणजे तीन मिनिटांत सगळं पाणी नवं.

अडलंय ते टाकीतलं पाणी सोडायच्या बुचाशी. इथे तलाव सोडताना टाकीत पाणी ठेवायचं नाही, असा २०१४ पासून राज्यभर कायदा आहे. झेब्रा शिंपले म्हणून आपल्या शिनाण्यांची नखाएवढी भावंडं, २००९ साली टेक्सोमा तलावात सापडली, ती पाण्याबरोबर पसरतात. म्हणून बूच सगळ्यांत खालच्या कोपऱ्यात हवं. भोक मोठं पाडलं, इपॉक्सीने भरलं, त्यातून पुन्हा लहान पाडलं, म्हणजे पाणी फोमच्या पोटात जायला नको. तरी रात्रभरात बुडाखाली चमचाभर ओल दिसते. पाणी फिटिंगच्या कडेने येतंय की थरांमधून, हे कसं ओळखायचं? तू होडीच्या बुचाला आतून-बाहेरून किती थर मारतोस? काढून नवं करू का?

वहिनींच्या खानावळीचं काय झालं? मुलीचे दहावीचे गुण हिने व्हॉट्सॲपवर पाहिले, फार आनंद झाला. कोणती शाखा घेतली? वादळात शेडचे पत्रे गेल्याचं ऐकलं, बसवलेस ना? काकींच्या डोळ्यांचं कळव.

पुढच्या गणपतीला मी येतोय, तिकीट काढतोय. आरतीनंतर सगळी वाडी बसलेली असते तेव्हा मला बोलायचं आहे, तू मध्ये गप कर म्हणू नकोस. वितळलेल्या फोमचा तुकडा बरोबर आणतो. तुझ्या मुलीला मी स्वतः सांगणार, तोवर तू काही सांगू नकोस.

बुचाचं मात्र लवकर लिही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी स्पर्धा आहे आणि पोरगा रोज शाळेतून आल्यावर आधी टाकीखाली हात घालून बघतो.

तुझा,
भाई