ताई, आभाराची ती एक ओळ पुरली नाही

प्रिय ताई,

पॉलिमरच्या बारीक कणांत औषध भरायचं, या माझ्या पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. प्रबंधात तुमचे आभार एका ओळीत उरकलेत, ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे सगळ्यांसमोर.

शिवाजी विद्यापीठात मला शिकवणं काही तुमचं काम नव्हतं. तरी स्वतःचं लिखाण बाजूला ठेवून तुम्ही फळ्यासमोर उभ्या राहिलात. टीएचएफ या द्रावकात ब्लॉक कोपॉलिमरची, म्हणजे दोन वेगळ्या पॉलिमरचे तुकडे जोडून झालेल्या साखळीची, दोन्ही टोकं विरघळतात. पाणी वाढलं की पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा भाग पाण्याला टाळतो, साखळ्या एकत्र येऊन गाभा होतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं पाण्याशी जमतं, ते बाहेर राहून कवच होतं. मी म्हटलं, म्हणजे मोदकच! तुम्ही म्हणालात, "मोदक वळायला हात लागतात. इथं कुणाचा हात आहे, सांग." त्यावरून आपण पाण्याच्या एन्ट्रॉपीपर्यंत, म्हणजे त्याच्या रेणूंच्या विस्कळीतपणापर्यंत, पोचलो आणि तोवर कॅन्टीन बंद झालं.

गाभ्यात भरायला कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, घ्यायचं तुम्हीच सुचवलंत. सांगलीची हळद शेजारी असताना महागडं औषध कशाला? शिवाय ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे गाभ्यात गेलं की नाही हे डोळ्यांनाच दिसतं: गेलं तर स्वच्छ पिवळं द्रावण, नाही गेलं तर तळाला साका. फक्त उजेडात ते टिकत नाही, म्हणून बाटल्यांना फॉइल. लॅबमध्ये माझं नाव 'हळदवाली' पडलं ते त्यामुळेच.

सगळ्यात उपयोगी पडला तो डीएलएसचा, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजायच्या पद्धतीचा, धडा. आलेखात मोठ्या कणांचा दुसरा डोंगर दिसला की सगळे पॉलिमरला दोष द्यायचे. तुम्ही आधी धूळ शोधायला लावायचात. इतक्या बारीक कणांचा व्यास दहापट झाला, की विखुरलेला प्रकाश दहा लाख पट होतो. म्हणजे ५० नॅनोमीटरचा एक कण ५ नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका चमकतो. मूठभर मोठे कण सगळा आलेख ओढून नेतात. परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं! टीईएममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, कण डीएलएसपेक्षा लहान का दिसतात, हेही. पाण्यात कवच फुगलेलं असतं, वाळवलं की बसतं, एवढं सांगितलं नि सुटले.

तुमच्या वहीची झेरॉक्स आता नव्या मुलींकडे फिरतेय. परवानगी विचारायची राहिली होती, ती इथंच मागते. आणि कोल्हापूरला आलात की तांबडा-पांढरा माझ्याकडून.

तुमची,
हळदवाली