विषय : जुन्या स्प्लेंडरसाठी पाठवलेल्या किटमधील सदोष ऑइल सीलबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन सुटे भाग विक्री विभाग

महोदय,

आमच्या २००५ सालच्या हिरो होंडा स्प्लेंडर प्लससाठी मी तुमच्या संकेतस्थळावरून पॅकिंग आणि ऑइल सीलचे (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांचे) पूर्ण किट मागवले. त्यातले पुढच्या चेन स्प्रॉकेटमागचे (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्रामागचे) सील सदोष निघाले. ग्राहक सेवेला फोन केला, फोटोही पाठवले. उत्तर मिळाले, "सील घरी बसवलंय, अधिकृत मेकॅनिकचं बिल नाही, त्यामुळे बदलून मिळणार नाही." हे मला मान्य नाही. म्हणून लेखी तक्रार करत आहे.

मी एसटीच्या आगारात यांत्रिक कारागीर होतो. सील बसवणे हे माझे रोजचे काम होते. तरी फोनवरच्या माणसाने सगळा दोष माझ्या हातावर ढकलला, म्हणून काय केले ते सविस्तर लिहितो.

इंजिनखाली तेलाचे डाग पडत होते. जुन्या गाडीत तेल एका जागी गळते आणि वाऱ्याने दुसरीकडेच पसरते, त्यामुळे अंदाजाने काही खोलले नाही. इंजिन रॉकेलने धुतले, कोरडे पुसले, सगळीकडे टाल्कम पावडर मारली आणि गाडी चालू ठेवली. थोड्या वेळात स्प्रॉकेटच्या मागून पावडरीवर ओली रेघ उतरली. ड्रेन बोल्ट, क्लच कव्हर, किक शाफ्ट सगळे कोरडे. म्हणजे गळती त्या एकाच सीलची होती.

चेन आणि स्प्रॉकेट काढले. जुने सील बाहेर घेताना बसकीला, म्हणजे सील ज्या भोकात बसते त्याला, ओरखडा येऊ दिला नाही. शाफ्टवरून नख फिरवून पाहिले, खाच लागली नाही. इंजिनातली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर पाइप चोंदला की आत दाब वाढतो आणि चांगले सीलसुद्धा तेल सोडते, म्हणून तो काढून फुंकून पाहिला, मोकळा होता. डिपस्टिकवर तेलही वरच्या खुणेच्या आतच होते. मग तुमच्या सीलच्या लिपला, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेला, तेल लावून, लिप आतल्या बाजूला ठेवून, मापाचा सॉकेट टेकवून ते बसवायला घेतले.

इथेच शंका आली. सील ठोकून जायला हवे. हे अंगठ्याने दाबताच आत गेले. गाडी थोडी चालवली आणि पुन्हा तेल, या वेळी सीलच्या बाहेरच्या कडेने.

सील काढून वर्निअर (बारीक माप घेण्याचे साधन) लावला. सीलवर उमटवलेले माप बरोबर आहे, पण प्रत्यक्षात बाहेरचा व्यास त्यापेक्षा जवळजवळ पाव मिलिमीटरने कमी भरतो. बसकीत घट्ट राहण्यासाठी सील भोकापेक्षा किंचित मोठे असावे लागते. तुमचे उलट आहे. शिवाय लिपमागची गोल स्प्रिंग इतकी ढिली की बोट लावताच खोबणीतून निघते. त्यानंतर इथल्या पेठेतून त्याच मापाचे दुसरे सील आणले. गाडी तीच, शाफ्ट तोच, बसवणारा हातही तोच. ते ठोकूनच बसवावे लागले आणि आजवर तिथे तेलाचा थेंब नाही. दोष माझ्या बसवण्यात असता तर हेही सील गळले असते. किटमधली पॅकिंग मात्र व्यवस्थित आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

प्रश्न सीलच्या किमतीचा नाही. तिथून गळणारे तेल चेनवर येते आणि फिरती चेन ते मागच्या रिमवर आणि टायरवर उडवते. माझा मुलगा पहाटे अंधारात दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून याच गाडीवर संकलन केंद्रावर जातो. वळणावर मागचे चाक सरकले असते तर कोण भरून देणार होते? दुसरी गोष्ट, या इंजिनात तेल असते साधारण लिटरभर, आणि क्लच, गिअर सगळे त्याच तेलावर चालते. तेल कमी झाल्याचा दिवा या गाडीला नाही. ज्याला डिपस्टिक बघायची सवय नाही, त्याचे इंजिन जाम झाल्यावरच त्याला कळणार. खेड्यापाड्यात अशा जुन्या गाड्यांवर कितीतरी घरे चालतात आणि हीच माणसे तुमचे किट घेतात.

पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता नाही, महिना-वर्षही नाही. किमतीचा तेवढा स्टिकर आहे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे ही माहिती छापणे बंधनकारक आहे. हे सील कोणी बनवले ते मला लेखी कळवा.

किटचे पूर्ण पैसे आणि वाया गेलेल्या तेलाची किंमत मला परत हवी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या मालाची विक्री आजच थांबवा आणि ज्यांनी ज्यांनी हे किट घेतले त्यांना फोन किंवा संदेश करून सावध करा. "घरी बसवलं तर वॉरंटी नाही" अशी अट विक्रीच्या पानावर कुठेही नव्हती. त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे.

सील, स्प्रिंग आणि पाकीट मी जपून ठेवले आहे. ते कुरिअरने पाठवणार नाही. तुमचा माणूस वर्निअर घेऊन विट्याला पाठवा, त्याच्यासमोर मोजून दाखवतो.

आपला,
एक ग्राहक
विटा, जि. सांगली

सोबत : बिलाची प्रत, विक्रीच्या पानाची प्रत, मोजमापाचे फोटो