माडीवरची खोली

तीर्थरूप आई-आण्णांस,
साष्टांग नमस्कार.

यंदा आखाजीला ताई दोनच दिवस आली. भरताची वांगी भाजताना तिचा फोन वाजला. व्हिडिओवर दाजींना तिनं आधी चूल दाखवली, मग तुला, मग मला. "अजून कोण आहे तिथं?" म्हटल्यावर फोन गोल फिरवून अख्खं अंगण दाखवलं. तोवर वांगं करपलं. आई, तू हसून म्हणालीस, "किती जीव आहे पाव्हण्यांचा!"

मला ती हजेरी वाटली.

स्टँडवर तिनं पाण्याची बाटली घेतली आणि दुकानदाराकडे 20 रुपयांची चिठ्ठी मागितली. घरी हिशेब द्यावा लागतो म्हणे. शिक्षिका आहे ती! पगार तिचा, एटीएम कार्ड दाजींकडे, ओटीपीही त्यांच्याच मोबाइलवर. मैत्रिणी तुटल्या, मावशीकडे जाणं बंद झालं. यातलं एकेक कुठल्याही घरात घडतं, म्हणून तर कुणाच्या डोळ्यावर येत नाही. ती कुणाशी बोलते हे दाजींनी मागं मला विचारलं होतं. मीही काळजी समजून सांगून टाकलं. ते अजून मनाला लागतं.

आण्णा, तुम्ही म्हणालात, "मारस नही ना तो? मंग?" एकदा धाक बसला की हात उचलावाच लागत नाही. तुम्ही कायद्याचं बोलणं मानता, म्हणून सांगतो: घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही येतो. तिचा पैसा, स्त्रीधन अडवणं त्यातच मोडतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, तिला घराबाहेर काढू नये असा आदेश कोर्ट देऊ शकतं. इंग्लंडमध्ये तर अशा सततच्या दाबाला 2015 पासून वेगळा गुन्हाच केलाय, पाच वर्षांपर्यंत कैद.

पण यातलं काही तिला फोनवर बोलू नका, फोन दाजी बघतात. जाब विचारायलाही जाऊ नका, त्याचं उट्टं तिच्यावर निघेल. काय करायचं ते ती ठरवेल. "तिला समजवा" असा दाजींचा फोन आला, तर या वेळी तेवढं "हो हो" म्हणू नका.

लग्नातल्या सोन्याच्या पावत्या ट्रंकेत असतील, त्या काढून ठेवा. आणि माडीवरच्या खोलीतला कापूस भाव येईपर्यंत ठेवायचा असेल तर दुसरीकडे हलवू. मी शनिवारी येतो. तिथं पलंग लावायचाय.

तुमचा,
भैय्या