खोडदच्या दुर्बिणीशेजारच्या आपल्या पोरींसाठी हातभार लावा

नमस्कार मंडळी, फिजिक्समध्ये पुढं शिकणाऱ्या पोरींच्या निधीसाठी आपल्या वाचनालयाच्या वतीनं लिहितेय, जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा.

खोडदची रेडिओ दुर्बीण आपल्यासाठी नवी नाही, ३० तबकड्या, एकेक ४५ मीटरची, लहानपणापासून बघतोय. त्या तबकड्यांवर पल्सारचा, म्हणजे ठरावीक वेळानं रेडिओ लहरींचे ठोके पाठवणाऱ्या ताऱ्यांचा, अभ्यास चालतो. हे पल्सार पहिल्यांदा कुणाला दिसले माहितीये का? १९६७ साली केंब्रिजमध्ये पीएचडी करणाऱ्या जोसलिन बेल या पोरीला. कागदाच्या लांबच लांब पट्ट्या तपासताना तिला ती खूण दिसली, पण १९७४ चं नोबेल मिळालं तिच्या गाइडला. पुढे २०१८ ला तिला ३० लाख डॉलरचं मोठं बक्षीस मिळालं तर तिनं ते सगळंच्या सगळं फिजिक्समध्ये पीएचडी करू पाहणाऱ्या, ज्यांना सहसा संधी मिळत नाही अशा मुलामुलींच्या स्कॉलरशिपला देऊन टाकलं. मी हे वाचलं त्या दिवसापासून डोक्यात हाच विषय घोळतोय.

कारण आपल्याकडं पोरी फिजिक्सला येत नाहीत असं नाहीये हो, बीएस्सीला भरपूर असतात, अडतं त्याच्या पुढं. घरचे म्हणतात बीएड कर आणि मोकळी हो, नाहीतर स्थळं बघायला सुरुवात. मागच्या वर्षी आपल्या वाचनालयात बसून अभ्यास केलेली एक मुलगी आयआयटीच्या जॅम परीक्षेत पास झाली, एमएस्सीची सीट लागत होती, पण सीट पक्की करायला मोजकेच दिवस असतात आणि तेवढ्यात घरात पैसे जमले नाहीत. आम्हाला कळलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. ती रडली नाही, पुस्तकं परत करून गेली. ते मला अजून सहन होत नाही.

एक डिग्री हुकली की काय होतं ते अ‍ॅना मणींचं बघा. रामन यांच्या लॅबमध्ये हिरे आणि माणकांवर संशोधन केलं, १९४५ ला प्रबंध मद्रास विद्यापीठात दिला, पण एमएस्सी नाही म्हणून पीएचडी नाकारली. त्या १९४८ ला पुण्यात हवामान खात्यात आल्या आणि पाऊस, वारा, ऊन मोजायची उपकरणं भारतातच बनतील अशी व्यवस्था उभी केली. इथून दोन तासांवर हे सगळं घडलं आणि आपल्या वाचनालयाच्या भिंतीवर त्यांचा साधा फोटो नाही! रोहिणी गोडबोले तर पुण्याच्याच, एसपी कॉलेजात शिकल्या, कणभौतिकीत जगभर नाव, २०१९ ला पद्मश्री, शिवाय विज्ञानातल्या बायकांसाठी आयुष्यभर भांडल्या. २०२४ ला त्या गेल्या. आपल्या किती पोरींना हे नाव माहितीये?

तर ठरवलंय असं की वाचनालयात एक छोटा निधी ठेवायचा, फक्त फिजिक्समध्ये पुढं जाणाऱ्या मुलींसाठी. परीक्षेची फी, पुण्या-मुंबईचा प्रवास, सीटचे पैसे, हॉस्टेलचं डिपॉझिट, यासाठी त्याच दिवशी पैसे हातात मिळाले पाहिजेत, अर्ज-मंजुरी-सह्या असलं काही नको. लग्न-बाळंतपणात शिक्षण सुटलेल्या बायकांनाही यातून मदत करायचीये, त्यांच्यासाठी सरकारची वाइज-किरण योजना आहे पण फॉर्म भरायला बसवणारं कुणी नसतं.

शंभर रुपये दिले तरी चालतील. पैसे नसतील तर जुना चालू लॅपटॉप द्या, रविवारी क्वांटम किंवा गणित शिकवायला या, पुण्यात घर असेल तर परीक्षेच्या आदल्या रात्री एका मुलीला राहू द्या. आणि तुमच्यापैकी कुणी ताई फिजिक्समध्ये नोकरी-संशोधन करत असतील तर प्लीज एकदा या आणि पोरींशी नाही, त्यांच्या आयांशी बोला, खरी गरज तिथं आहे.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाआधी मणी, गोडबोले आणि वैश्विक किरणांवर संशोधन केलेल्या बिभा चौधुरी यांचे मोठे फोटो माहितीसकट भिंतीवर लावायचेत, छपाईचा खर्च कुणी उचलला तर फार बरं होईल.

वाचनालय संध्याकाळी ६ ते ८ उघडं असतं. पैसे खजिनदार काकूंकडेच द्या आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. हिशोब दर महिन्याला बाहेरच्या फळ्यावर लावू. जॅमचे फॉर्म सुटायच्या आत निधी उभा राहायला हवा, यंदा दोघीजणी बसणार आहेत.