नऊ रंगांत आम्हालाही धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सिडकोत घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. पेपरात नवरात्राचे नऊ रंग छापून आले की माझ्याकडे झुंबड उडते. राखाडी, मोरपंखी, सगळ्याला मॅचिंग लागतं आणि तेही घटस्थापनेच्या आत. धंदा होतो, त्यामुळे तक्रार नाही. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे.

माझे मिस्टर अंबडला कारखान्यात होते. ऐन लग्नसराईत अटॅकने गेले. दहाव्याला पुरुषमंडळी रामकुंडावर गेली आणि इकडे चुलतसासूबाई माझ्या बांगड्या उतरवायला बसल्या. माझ्या सासूबाई भर तिशीत विधवा झालेल्या, जन्मभर पांढुरकं लुगडं नेसल्या. त्या कोपऱ्यातून उठून आल्या नि म्हणाल्या, "माझं झालं ते झालं. हिच्या हाताला कोणी हात लावायचा नाही." आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. पुढे कोणी काही बोललं नाही. त्यांच्या तोंडून इतक्या वर्षांत एवढंच आलं, पण मला ते पुरलं.

बाहेर मात्र सासूबाई नव्हत्या. एका नवरीची आई शालूवरचं ब्लाऊजपीस परत मागायला आली. कापलेलंही नव्हतं. "तुम्हाला आता दगदग नको," म्हणाली. खरं कारण तिलाही माहीत होतं नि मलाही. राग आला नाही असं म्हणणार नाही. त्याच आठवड्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनी मुलीच्या साखरपुड्याचं ब्लाऊज घेऊन आल्या, मापाला मुलीलाही सोबत आणलं, आणि जाताना म्हणाल्या, "ताई, सावकाश द्या, पण तुम्हीच द्या." सांत्वनाला पुष्कळ लोक आले, गीतेतलं सांगून गेले. मी परत मशीनवर बसले ती या वहिनींमुळे.

शिवणकामात माणसाचं दुःख कापडात दिसतं. गेल्या वर्षी एक बाई येवल्याची पैठणी घेऊन आल्या, गर्द जांभळी, पदरावर मोर. यजमान जाऊन सहा महिने झाले होते. म्हणाल्या, "नातीला परकर-पोलकं शिवा, मला आता काय उपयोग?" बोलताना बोटं मात्र काठावरून फिरत होती. मी म्हटलं, कात्री लावली की परत जोडता येत नाही, दिवाळीपर्यंत कपाटात ठेवा. पैठणी घेऊन गेल्या. नेसल्या की नाही, ठाऊक नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. चांगलंच झालं. पण आम्हा शहरातल्यांना ग्रामसभा कुठली? आमच्याकडे सगळं ठरतं ते महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. 'येऊ नका' असं कोणी म्हणत नाही. संक्रांतीचं वाण दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून घरपोच येतं, एवढंच. बायका मनाने वाईट नाहीत. घरातल्या मोठ्यांना काय वाटेल, याची भीती असते. विधवाविवाहाची बाजू घेणारे न्यायमूर्ती रानडे जन्माने आपल्या निफाडचे. पण १८७३ मध्ये पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनीही मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. तिथे आमच्या मंडळातल्या सुनांना काय दोष द्यायचा?

म्हणून हे पत्र पेपरला. नवरात्रात तुम्ही रोज त्या-त्या रंगाच्या साड्यांमधल्या बायकांचे फोटो छापता. बँकेतल्या, शाळेतल्या, सोसायटीतल्या. यंदा फोटो मागवताना 'नवरा नसलेल्या भगिनींनाही सोबत उभं करा' अशी एक ओळ ठळक अक्षरात टाका. पेपरात छापून आलं की घरातल्या मोठ्यांनाही चालतं, हा माझा अनुभव आहे. ते नऊ रंग तरी कुठल्या पोथीत होते? आमच्या गल्लीतल्या आम्ही चौघी-पाचजणी तयार आहोत. फक्त फोटो कोणत्या नंबरवर पाठवायचा ते घटस्थापनेच्या आधी छापा, आयत्या वेळी मला शिलाईतून सवड होत नाही.

आपली,
एक वाचक, सिडको, नाशिक