डोमिनिकाच्या सुतारदादांना, श्रीवर्धनहून

प्रिय सुतारदादा,

काल कॅरिबियनमधल्या डोमिनिका बेटावरच्या पोर्ट्समथहून माझ्या घरमालकीण आजींचा फोन आला. "रात्रभर वारा होता, पण मी बूट काढून झोपले होते," म्हणाल्या. फोन ठेवला आणि लिहायला बसलो. तुम्हाला ही लिपी वाचता येणार नाही, फोनवर अर्थ सांगेन. पण तुम्ही काय केलंत ते माझ्या कोकणातल्या माणसांना कळावं, म्हणून मराठीतच लिहितोय.

18 सप्टेंबर 2017 च्या रात्री मारिया चक्रीवादळ ताशी सुमारे 270 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांनिशी डोमिनिकावर आलं. खुद्द पंतप्रधानांच्या घराचं छप्पर उडालं, तिथे एका विधवा बाईच्या लाकडी घराची काय कथा! मी त्यांचा भाडेकरू. आम्ही दोघं न्हाणीघरात दाराला पाठ लावून बसलो होतो. पत्रे वाशांसकट गेले. सकाळी बाहेर आलो तर डोंगरावरच्या झाडांना पान उरलं नव्हतं. अंगणात पडलेला एक वासा मी उचलून बघितला. टोकाला दोन गंजलेले खिळे, बस्स. ठेकेदारानं लोखंडी पट्ट्यांचे पैसे घेतले होते आणि खालून फळ्यांचं छत मारून सगळं झाकून टाकलं होतं. आजी इतकी वर्षं त्याच्या शब्दावर विसंबून झोपत होत्या. त्या माणसाचा मला अजून राग येतो. वादळानंतर जे आले, टेप लावून मापं घेतली, फोटो काढले आणि पुन्हा फिरकले नाहीत, त्यांचाही येतो. आजी ताडपत्रीखाली राहिल्या. पावसाची रात्र असली की पायात बूट घालून खुर्चीत बसून असायच्या, पळायला तयार.

मग तुम्ही आलात. वारा छप्पर दाबत नाही, उचलतो, हे मला हातात पुठ्ठा धरून तुम्ही दाखवलंत. म्हणून दुपाखी छप्पर मोडून चौपाखी केलंत, उतार वाढवलात, पत्र्यांना खिळ्यांऐवजी स्क्रू लावलेत, प्रत्येक वासा पट्टीनं भिंतीवरच्या तुळईला बांधलात. पडवीचं छप्पर मात्र मुद्दाम वेगळं ठेवलंत. पडवीत वारा खालून शिरतो. उडालीच तर ती एकटी उडावी, घराचं छप्पर ओढून नेऊ नये. यातलं काहीच महाग नव्हतं. गरिबाच्या घराला एवढं पुरतं, फक्त करणारा माणूस खरा लागतो.

पण ज्यासाठी हे पत्र लिहितोय ती गोष्ट वेगळीच. शेवटच्या दिवशी खालून छत मारताना आजींच्या खाटेवरची एक फळी तुम्ही लावलीच नाहीत. मला वाटलं, लाकूड कमी पडलं. तुम्ही आजींना खाटेवर आडवं व्हायला सांगितलंत, त्या फटीत टॉर्च मारलात आणि म्हणालात, "ही पट्टी. रोज बघत जा. माझ्या शब्दावर राहू नका." नवी कोरी पट्टी चकाकत होती, तिच्यातले खिळे मोजता येत होते. आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग उठून बसल्या, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या. भर दुपारी, तुमच्या-माझ्यासमोर, त्यांना झोप लागली. तुम्ही हातोडी खाली ठेवलीत आणि त्या उठेपर्यंत पायरीवर बसून राहिलात. तुमचा अर्धा दिवस मोडला.

दादा, फसलेल्या माणसाला "विश्वास ठेवा" असं सगळेच सांगतात. त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्यावं, हे सुचायला मनात आदर लागतो. अशी माणसं जगात आहेत, हे मला तुमच्यामुळे कळलं. हे लिहितानाही डोळे भरून येतायत.

3 जून 2020 ला निसर्ग वादळानं आमच्या श्रीवर्धनच्या घराचे पत्रे नेले, तेव्हा मी तिकडेच अडकलो होतो. भावाला फोनवर तुमचं एकेक वाक्य सांगितलं. इथल्या सुतारानं आधी मान हलवली, मग पडवी वेगळी घेतली. आमच्या घराला खालून छत नाही, वासे उघडेच. तरी तुमच्या त्या फळीची गोष्ट ऐकल्यावर आईनं खाट सरकवून बरोबर एका पट्टीखाली घेतली.

तुमचा,
आजींचा भाडेकरू