श्रीलंकेकडून काय शिकायचं?

संपादक महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी एकतीस वर्षे परिचारिका होते. कपाशीवर फवारणी सुरू झाली की रात्रपाळीला आल्या आल्या ॲट्रोपिनच्या, म्हणजे कीटकनाशकाच्या विषबाधेवरच्या इंजेक्शनच्या, कुप्या मोजून ठेवायच्या, ही सवयच झाली होती. 'औषध घेतलं,' एवढेच नातेवाईक सांगत; औषध म्हणजे पिकावर फवारायचे विष. बहुतेकांनी ते भांडणाच्या भरात घेतलेले असे. शुद्धीवर आले की म्हणत, 'ताई, वाचवा.' मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचे काही जण वाचत. पॅराक्वाट या तणनाशकावर मात्र उताराच नाही. माणूस बोलत असतो, घरच्यांची चौकशी करतो, आणि आपल्याला पुढचे ठाऊक असते.

श्रीलंकेतही हेच होते. १९९५ च्या सुमारास तिथे लाखामागे सुमारे ४७ आत्महत्या होत. त्याच वर्षी त्यांनी मोनोक्रोटोफॉस बंद केले, १९९८ मध्ये एंडोसल्फान, आणि २००८ ते २०११ या काळात टप्प्याटप्प्याने पॅराक्वाट, डायमेथोएट, फेन्थिऑन. वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. विष घेणारे फारसे घटले नाहीत, पण हाताशी येणारे विष तेवढे जहाल उरले नाही, म्हणून माणसे वाचली. आणि भाताचे उत्पादन काही घटले नाही.

२०२२ मध्ये एका प्रशिक्षणात मी हे सांगितले. एक साहेब म्हणाले, 'सिस्टर, श्रीलंकेकडून काय शिकायचं? बंदी घालून शेती बुडवली त्यांनी.' ती बंदी वेगळी! २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खते आणि झाडून सगळी औषधे एका फटक्यात बंद केली, आणि काही महिन्यांत माघार घेतली. मी सांगत होते ते निवडून, वेळ देऊन केलेले काम. साहेबांनी पुढचा विषय घेतला.

२०१३ मध्ये बिहारमध्ये शाळेच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस गेले आणि २३ मुले दगावली. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात नुसते फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. मग काही औषधांवर ६० दिवसांची बंदी आली. कायद्याने राज्याला तात्पुरतीच बंदी घालता येते. कायमचा निर्णय केंद्राचा.

तो निर्णय घ्यायला श्रीलंकेला रुग्णालयांतल्या नोंदींचा आधार होता. कोणत्या औषधाने किती गेले, हे त्यांना माहीत होते. आमच्या रजिस्टरात विषाच्या नावापुढे बहुतेक वेळा 'अज्ञात' लिहिलेले असे. कितीदा तरी मीच लिहिले आहे. नातेवाइकांना डबा घेऊन यायला सांगावे आणि त्यावरचे नाव नोंदवावे, एवढा आदेश तरी आरोग्य खात्याने या हंगामाआधी काढावा.

— एक निवृत्त परिचारिका, यवतमाळ